जुनी रेल्वे पुन्हा उभी करायची तर सुरुवात कुठून?

रूळकरी
आफ्रिका-आशियातल्या बऱ्याच देशांत एकसारखं चित्र आहे. वसाहतीच्या काळात बंदरापासून खाणीपर्यंत टाकलेली एकेरी लाईन, मीटर गेज (दोन रुळांमधलं अंतर १००० मिमी) नाहीतर १०६७ मिमीचं केप गेज. नंतरची पन्नास वर्षं ती नुसती वापरली, तिच्यावर खर्च केला नाही. आता जागोजागी काॅशन (वेग कमी ठेवण्याचे हुकूम) लागलेले, गाडी ताशी २० किमीने रांगते, निम्म्या वाघिणी (मालाचे डबे) यार्डात गवतात उभ्या. मग सरकार जाहीर करतं की शेजारून नवीकोरी स्टँडर्ड गेज लाईन टाकू.

चर्चेला आधार म्हणून एक नमुना धरू. लांबी ६०० किमी, एकेरी मार्ग, क्रॉसिंग स्टेशनं (जिथे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात) ३०-३० किमीवर, रूळ मीटरला ३० किलोचे आणि फिशप्लेटने (बोल्टच्या जोडपट्टीने) जोडलेले, स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) काही लाकडी काही पोलादी, सर्वात कडक चढ १:६०, इंजिनांपैकी निम्मी नादुरुस्त.

माझं मत स्पष्ट आहे. आधी हीच लाईन ताशी ४०-५० किमीला आणायची, तिच्यावर रोज ठरलेल्या वेळी मालगाड्या काढून दाखवायच्या, आणि गिऱ्हाईक परत आलं की मग विस्तार. जी संस्था ६०० किमी जुना रूळ सांभाळू शकत नाही, ती नवा रूळही सांभाळू शकणार नाही. तो फक्त दहा-पंधरा वर्षं उशिरा खराब होईल. तुम्ही कुठून सुरुवात कराल? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

मोरीमास्तर
पाण्यापासून. रूळ, स्लीपर, इंजिन सगळं नंतर.

वेग उतरतो तो बहुतेक ठिकाणी रूळ जुना म्हणून नव्हे, खालची माती ओली म्हणून. सेसवर (खडीलगतच्या भरावाच्या कडेवर) माती आणि गवत साचतं, खडीतून उतरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, ते भरावाच्या माथ्यावरच मुरतं. गाडी गेली की स्लीपर खाली दबतो, वर येताना चिखल खडीत ओढून घेतो. हेच मड पंपिंग. ओळखायला यंत्र लागत नाही: स्लीपरच्या टोकांभोवती खडीवर वाळलेल्या चिखलाचं पांढरट सारवण दिसतं आणि गाडी जाताना स्लीपर नाचतो. अशा जागी वरून नवी खडी टाकणं म्हणजे निव्वळ नासाडी, चार महिन्यांत तीही चिखलात जाते. आधी सेस उतरता कापायचा, कटिंगमध्ये बाजूची गटारं उपसायची, मग स्लीपरखालची खडी उकरून चाळायची. चाळल्यावर उरेल त्यात कमी पडेल तेवढीच नवी घालायची.

मग मोऱ्या, म्हणजे लाईनखालून पाणी जाणारे छोटे पूल. ६०० किमीत त्या हजाराच्या घरात असू शकतात आणि कागदावर नोंदलेल्यांपैकी कित्येक जमिनीत गडप झालेल्या असतात. प्रत्येकीचा किलोमीटर, गाळा (पाण्याच्या वाटेची रुंदी), किती भाग गाळाने बुजलाय, वरच्या अंगाला पाण्याची खूण कुठवर चढते, हे एका वहीत यायला हवं. वरच्या बाजूला जंगल तुटून शेती झाली असेल तर जुन्या मोरीचा गाळा आता पुरत नाही. पूर्वी जे पाणी दोन दिवसांत यायचं ते दोन तासांत येतं. भराव वाहून जातो तो इथे.

मोठ्या पुलांवर गंजलेला गर्डर सगळ्यांना दिसतो, खांबाच्या पायाशी पडलेला खड्डा कोणी बघत नाही. पूर ओसरल्याबरोबर खांबाभोवतीची खोली मोजायची आणि मूळ नकाशातल्या पायाच्या तळाशी ताडून बघायची. बेअरिंग माती-गंजाने जाम झाली असतील तर साफ करून ग्रीस द्यायचं, नाहीतर गर्डर तापून लांबला की खांबाचा माथा फुटतो.

नवीवाट
रूळकरी, मी असहमत. तुमच्याच नमुन्यात १:६० चा चढ आहे, त्याचं काय?

हिशेब साधा आहे. सपाटीवर टनामागे साधारण २ किलो ओढ लागते. १:६० वर चढाची १६.७ किलो आणखी, म्हणजे पावणेएकोणीस. १:१०० वर एकूण १२, १:२०० वर ७. तुमच्या रुळावर १५ टन ॲक्सल लोडचं (एका आसावरचं वजन) सहा ॲक्सलचं इंजिन धरलं तर वजन ९० टन, चाक न घसरता त्याची ओढ अंदाजे २२.५ टन. म्हणजे १:६० वर ते इंजिनासकट १२०० टनांची गाडी चढवेल, १:१०० वर १८७५ आणि १:२०० वर ३२०० टनांची. वळणाचा विरोध तर यात धरलेलाच नाही. तेच इंजिन, तोच चालक, जवळपास तेवढंच डिझेल आणि माल पावणेतीनपट. मोऱ्या कितीही उपसा, हा फरक भरून निघत नाही, कारण तो जमिनीच्या आखणीत आहे. शंभर वर्षांपूर्वी खोदाई वाचवायला डोंगराच्या कडेकडेने लाईन फिरवली, त्याचं व्याज आजची प्रत्येक गाडी भरते.

तांझानियाने नेमकं हेच ओळखलं. जुनी मीटर गेज ठेवून शेजारून विजेवरची नवी लाईन नव्या आखणीने काढली आणि २०२४ मध्ये दार-एस-सलाम ते डोडोमा गाड्या सुरू झाल्या. जुन्या आखणीवर १६० चा वेग कधीच मिळाला नसता.

सांधेजोड
नवीवाट, चढाचा हिशेब बरोबर, पण त्यावरून थेट नव्या गेजवर उडी घेता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतली सिशेन-सालदान्या लाईन ८६१ किमीची, गेज १०६७ मिमी, ॲक्सल लोड ३० टन, आणि तिच्यावर तीनशेहून जास्त वाघिणींच्या गाड्या धावतात. माल ओढायला गेज आड येत नाही. आड येतात चढ, वळणं, हलका रूळ आणि आखूड लूप (क्रॉसिंगसाठी गाडी बाजूला घ्यायचा रूळ). यातली प्रत्येक गोष्ट त्याच गेजवर सुधारता येते.

रूळकरी
आणि १:६० सगळ्या ६०० किमीभर नसतो. घाटाचे वीस-तीस किलोमीटर असतात, बाकी लाईन १:१०० किंवा त्याहून सौम्य. तेवढ्या तुकड्याला वळसा देऊन नवी आखणी करा, तोवर पायथ्याशी एक बँकर इंजिन ठेवा. गाडीच्या मागून लावायचं, माथ्यावर सोडायचं, परत उतरवायचं. एवढ्यानेच सगळ्या लाईनचा बोजा १८०० टनांवर जातो.

वाघीण
तुम्ही सगळे रुळावर अडकलात. माझ्या मते पहिली चौकशी वाघिणीची करायला हवी: एकदा भरली की पुन्हा भरायला किती दिवसांनी मिळते?

गणित असं. लागणाऱ्या वाघिणी = रोज भरायच्या वाघिणी × एका फेरीचे दिवस. रोज ३० वाघिणींची एक गाडी काढायची आणि फेरी १५ दिवसांची असेल तर ४५० वाघिणी हव्यात. फेरी ८ दिवसांवर आणली तर २४०. दोनशे दहा वाघिणी एक पैसा खर्च न करता मिळाल्या.

आता या १५ दिवसांत गाडी धावते किती? ६०० किमी ताशी २० ने ३० तास, जाऊन-येऊन ६०, म्हणजे अडीच दिवस! रूळ सुधारून वेग दुप्पट केला तरी फक्त सवा दिवस वाचतो. उरलेले साडेबारा दिवस वाघीण उभीच असते: बंदरात क्रेनची वाट बघत, यार्डात इंजिनाची, गिऱ्हाइकाच्या साइडिंगवर (माल चढ-उताराच्या फाट्यावर) हमालांची, दुरुस्तीच्या फाट्यावर ब्रेक ब्लॉकची.

म्हणून पहिल्याच महिन्यात प्रत्येक वाघिणीचा नंबर, ती कुठे उभी आहे आणि कधीपासून, ही रोजची नोंद सुरू करा. साधी वही किंवा फोनवरचा तक्ता चालतो. पंधरा दिवसांत कळतं की गाठ कुठे आहे. मग उपाय: फुटकळ वाघिणी गोळा करत बसायचं नाही, ठरलेला रेक (वाघिणींची अख्खी जोडणी) तसाच भरायचा, तसाच रिकामा करायचा, मध्ये कुठेही तोडायचा नाही. मोफत वेळ संपल्यावर विलंब आकार खरोखर वसूल करायचा. बंदरात रूळ जेट्टीजवळ नसतील तर मधली ट्रकची फेरी आधी काढून टाका, कारण दोन वेळा चढ-उतार झाली की तीनशे किमीच्या आत ट्रकशी बरोबरी होतच नाही.

ब्रेकचंही बघा. ताफ्यात अर्ध्या व्हॅक्यूमच्या आणि अर्ध्या एअर ब्रेकच्या वाघिणी असतील तर रेक जुळवतानाच दिवस जातो. व्हॅक्यूमवर गाडी लांब केली की शेपटाला ब्रेक पोचायला उशीर लागतो, आणि घाटात तो उशीर जिवावर बेततो. चांगल्या वाघिणी आधी एअर ब्रेकवर घ्या, वाईट भंगारात काढा. एका रेकपासून सुरुवात केली तरी चालेल, पण तो रेक पूर्ण एकाच जातीचा हवा.

मोरीमास्तर
वाघीण, ‘धावते अडीच दिवस’ हा हिशेब प्रत्येक रेल्वेच्या कचेरीत भिंतीवर लावायला हवा. मात्र रूळ खराब असला की गाडी घसरते, आणि एका घसरणीने लाईन तीन-चार दिवस बंद राहते. तो वेळही तुमच्या साडेबारा दिवसांत लपलेला आहे.

टोकन
क्षमतेबद्दल लिहितो. एकेरी मार्गावर दिवसाला दोन्ही दिशांच्या मिळून गाड्या किती, याचं सरधोपट सूत्र: १४४० मिनिटांना सर्वात लांब सेक्शनच्या, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या तुकड्याच्या, वेळेने भागा (धावण्याचा वेळ अधिक लाईन क्लिअरचा, म्हणजे पुढे जायची परवानगी मिळण्याचा वेळ), आणि आलेल्या उत्तराचे ७० टक्के धरा.

रूळकरींच्या नमुन्यात ३० किमीचा सेक्शन ताशी ४० ने ४५ मिनिटं, लाईन क्लिअरची ५. एकूण ५०. उत्तर २०. आता मधोमध एक लूप टाका. सेक्शन १५ किमी, साडेबावीस अधिक पाच, उत्तर ३६. दुहेरीकरण न करता, नवी लाईन न टाकता क्षमता पावणेदोनपट. फक्त लक्षात ठेवा, सूत्र सर्वात लांब सेक्शनवर चालतं. मंत्र्यांच्या गावाजवळ लूप टाकला आणि घाटातला ३० किमीचा सेक्शन तसाच राहिला तर क्षमता वीसच.

लूपची लांबी आज चालणाऱ्या गाडीवर ठरवू नका, पुढे चालवायच्या गाडीवर ठरवा. चाळीस वाघिणींची गाडी काढायची असेल तर सातशे मीटर मोकळे हवेत. समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्या लूपपेक्षा लांब असतील तर क्रॉसिंगच होत नाही, आणि एक गाडी मागच्या मोठ्या स्टेशनवर तासन्‌तास अडकते.

प्रत्येक लूपला तीन पाळ्यांचे स्टेशन मास्तर आणि पॉइंट्समन द्यायचे तर पगाराचा भार वाढतो, ही अडचण खरी. कमी वाहतुकीला स्प्रिंगचे पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारे सांधे) बसवता येतात: येणारी गाडी नेहमी ठरलेल्या रुळावर जाते, निघताना चाकं पॉइंटची सरकती जीभ ढकलून बाहेर पडतात आणि स्प्रिंग ती परत जागेवर आणते. कंट्रोलर रेडिओवरून परवानगी देतो, चालक ती छापील फॉर्मवर उतरवून शब्दन्‌शब्द परत वाचून दाखवतो. वाचून दाखवणं वगळलं की समोरासमोर टक्कर ठरलेली. त्याच्या जोडीला ॲक्सल काउंटर (जाणारे आस मोजणारं यंत्र) असेल तर शेवटची वाघीण सेक्शनात तुटून राहिली का हेही कळतं. तांब्याच्या केबल शक्यतो टाळा. चोरीला जातात, आणि एकदा गेल्या की सगळी यंत्रणा कागदावर येते. फायबर आणि सौर पॅनेल परवडतात.

उत्सुक
वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. एक, लाकडी स्लीपर काढून सरळ काँक्रीटचे का टाकत नाहीत, एकदाच काम होईल ना? दोन, पहिल्यापासून विद्युतीकरण केलं तर डिझेलचा परकीय चलनातला खर्च वाचणार नाही का?

सांधेजोड
उत्सुक, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण इथेच बरेच प्रकल्प फसतात.

रुंद गेजचं प्रमाण बघा: किलोमीटरला १६६० स्लीपर, प्रत्येक अडीचशे किलोच्या वर. त्यावर ६६४० क्लिपा, तेवढेच लायनर, ३३२० रबर पॅड, ६० किलोचे रूळ १२० टन आणि साधारण २००० घनमीटर खडी. मीटर गेजला आकडे कमी येतात, पण जात तीच. लाकडी स्लीपर चार माणसं उचलतात, बीटरने खडी ठोकून पॅकिंग करतात. काँक्रीटचा स्लीपर बीटरने नीट पॅक होत नाही, त्याला खडी ठोकून बसवणारं टॅम्पिंग मशीन लागतं. मशीनला त्याचे टूल्स, हायड्रॉलिक पाइप, फिल्टर, शिकलेला ऑपरेटर, आणि रोज तीन-चार तासांचा ब्लॉक (गाड्या बंद ठेवून कामाचा वेळ) लागतो. स्लीपरला पैसे मिळाले आणि मशीनला नाही, असं झालं तर दोन पावसाळ्यांत मधला भाग टेकतो, टोकं पोकळ राहतात आणि स्लीपर मध्यावर तडकतो. म्हणून काँक्रीट जरूर टाका, पण पहिल्या खेपेलाच मशीन, दोन वर्षांचे सुटे भाग आणि हाताने चालवायच्या छोट्या टॅम्परच्या जोड्या त्याच करारात घ्या.

रुळांबद्दल. सगळे रूळ फेकायचे नसतात. आधी अल्ट्रासोनिक तपासणी, मग झिजेप्रमाणे तीन ढीग: मेन लाईन, लूप, साइडिंग. ज्याची एकच बाजू झिजली आहे तो फिरवून दुसऱ्या बाजूने वापरता येतो. फिशप्लेटच्या सांध्यापाशी टोकं चेपलेली असतात, तेवढा भाग दोन्हीकडून कापून उरलेल्याला वेल्डिंग करा.

थर्मिट वेल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेला धातू फटीत ओतून रूळ जोडताना, घाई नडते. फट २५ मिमीची, एखादा मिमी इकडेतिकडे. रुळाची टोकं तारेच्या ब्रशने चकचकीत करायची. मीटरभराच्या सरळ पट्टीखाली सांधा दोनेक मिमी उंच ठेवायचा, कारण थंड होताना तो खाली बसतो. सपाट ठेवलात तर कायमचा खड्डा पडतो आणि प्रत्येक चाक तिथे आदळतं. साचा बसवला की कडा लेपाने लिंपायच्या, टोकं लालसर होईस्तोवर पूर्ण वेळ तापवायचं, मगच क्रूसिबल पेटवायचं. ओतल्यावर चार-पाच मिनिटं हात लावायचा नाही, नंतर वरचा ऐवज गरम असतानाच छाटायचा. अर्धा तास गाडी सोडायची नाही. साचे गोदामात ओल लागलेले असतील तर धातूत वाफेची छिद्रं पडतात, वरून घासून सांधा सुरेख दिसतो आणि पहिल्या थंड रात्री तुटतो. म्हणून अल्ट्रासोनिक होईपर्यंत प्रत्येक नव्या सांध्यावर जॉगल्ड (वेल्डचा फुगवटा मावेल अशी वाकवलेली) फिशप्लेट हवीच.

जिथे फिशप्लेट राहणार तिथे वर्षातून एकदा ती उघडून, ग्रॅफाइटचं वंगण देऊन, फटी मोजून परत बसवायची. गंजून घट्ट झालेला सांधा सरकत नाही, आणि भर उन्हात लाईन साप वळल्यासारखी वाकते.

टोकन
उत्सुक, दुसऱ्या प्रश्नाबद्दल. विजेची तार वाहतूक दाट असेल तेव्हा परवडते. २५ केव्हीला साधारण दर ५० किमीवर सबस्टेशन आणि तिथवर भरवशाची ग्रिड हवी. इथिओपिया-जिबूती नवी लाईन पहिल्यापासून विजेवर आहे, कारण इथिओपियाकडे जलविद्युत आहे. तरीही वीज खंडित होणं आणि सामानाची चोरी यांनी तिला सतावलं. दिवसाला चार-सहा गाड्यांची लाईन असेल तर डिझेलच ठेवा, पण आज जो पूल, बोगदा, पादचारी पूल बांधाल त्याची उंची उद्याच्या तारेसाठी सोडा. ते आज जवळपास फुकट होतं, नंतर छत फोडावं लागतं.

जमाखर्च
पैशाची बाजू कोणीच घेतली नाही अजून.

केनियाची मोंबासा-नैरोबी नवी लाईन मे २०१७ मध्ये सुरू झाली, २०१९ मध्ये नैवाशाच्या दिशेने पुढे गेली आणि बरीच वर्षं तिथेच थांबली. मूळ कल्पना युगांडापर्यंत जाण्याची होती. माल वाढण्याचा अंदाज पूर्ण कॉरिडॉरवर बांधला होता, कर्ज परकीय चलनात होतं आणि उत्पन्न शिलिंगमध्ये. मग पुढच्या टप्प्यासाठी सीमेपर्यंतची तीच जुनी मीटर गेज दुरुस्त करावी लागली. नवीवाट, हे नव्या लाईनविरुद्ध बोलणं नाही. लाईन अर्ध्यावर थांबली तरी जेवढी झाली तेवढी आपला खर्च काढेल का, हे आधी विचारायचं, एवढंच. नायजेरियाच्या वारी-इटाक्पे लाईनचं काम १९८७ मध्ये सुरू होऊन ती २०२० मध्ये पुरी झाली. तेहतीस वर्षं!

खासगी कंपनीला चालवायला देणं हाही आपोआप लागू पडणारा उपाय नाही. केनिया-युगांडात २००६ पासूनची कन्सेशन (असा चालवण्याचा करार) २०१७ मध्ये मोडली. तांझानियात २००७ ची व्यवस्था २०११ मध्ये गुंडाळली. आबिदजान-वागाडुगू लाईन मात्र १९९५ पासून कन्सेशनवर चालू आहे. कराराचा कागद वाचताना तीन गोष्टी बघा. रूळ, पूल यांचं मोठं नूतनीकरण कोणाच्या खिशातून? तोट्यातल्या प्रवासी गाड्यांची भरपाई सरकार लेखी, किलोमीटरमागे आणि वेळेवर देणार का? आणि चालवणाऱ्या कंपनीने ठरलेली देखभाल केली नाही तर ती मोजायची कशी? तिसऱ्याला उत्तर सोपं आहे: काॅशन ऑर्डरची संख्या आणि त्यांचे एकूण किलोमीटर. दर तिमाहीला ते वाढत असतील तर कंपनी लाईन खातेय.

शिवाय गाड्या आधी आणि संस्था नंतर, असा क्रम नको. नेपाळच्या जयनगर-कुर्था लाईनसाठी कोकण रेल्वेकडून घेतलेल्या दोन डेमू (डिझेलवरच्या प्रवासी) गाड्या सप्टेंबर २०२० मध्ये पोचल्या, सेवा सुरू झाली एप्रिल २०२२ मध्ये. रेल्वेचा कायदा, शिकलेले कर्मचारी, चालवण्याची व्यवस्था जुळेपर्यंत दीड वर्ष गाड्या उभ्या राहिल्या. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, रबर कडक होतं, वॉरंटीचे दिवस मात्र चालू असतात.

नवीवाट
जमाखर्च, मान्य. माझी भूमिका थोडी बदलतो. नवी आखणी हवीच, पण तुकड्यातुकड्याने, आणि प्रत्येक तुकडा पुरा झाल्या दिवशी जुन्या लाईनला जोडून वापरता आला पाहिजे. तसं करायचं तर गेज तेच ठेवावं लागतं, हा मुद्दा मी आधी लक्षात घेतला नव्हता. स्लीपर मात्र असे घ्या की पुढे रूळ सरकवून गेज बदलता येईल.

आडरूळ
अवांतर: गेजवरून एक बारीक गोष्ट. तीन रुळांत दोन गेज बसवायची तर दोन गेजमधला फरक रुळाच्या तळापेक्षा जास्त हवा. बांगलादेशात १००० आणि १६७६ एकत्र चालतात कारण मध्ये भरपूर जागा आहे. १००० आणि १०६७ मध्ये फक्त ६७ मिमी, तिथे दुसरा रूळ मावतच नाही. म्हणून तांझानियात किडाटूला केप गेजची ताझारा (तांझानिया-झांबिया रेल्वे) आणि देशाची मीटर गेज समोरासमोर येतात आणि माल एका गाडीतून दुसरीत भरावा लागतो.

वाघीण
ताझाराचं नाव निघालंच आहे तर: १८६० किमी, १९७६ मध्ये सुरू. पहिली डिझेल-हायड्रॉलिक इंजिनं चढांवर कमी पडली आणि लाईन मजबूत असूनही माल ओढायला इंजिन नाही अशी वेळ आली. म्हणून इंजिन घेताना चार देशांची चार जातीची घेऊ नका. एकच जात, एकच डेपो, आणि चाकं कातायला स्वतःचं लेथ. देणगीत आलेलं वेगळ्या जातीचं इंजिन पहिल्या मोठ्या दुरुस्तीपाशी थांबतं आणि मग सुट्या भागांसाठी पोखरलं जातं.

लालबावटा
सुरक्षेचा मुद्दा राहिला. लाईन वर्षानुवर्षं बंद किंवा तुरळक असली की लोक तिला रस्ता समजतात. रुळांवर बाजार बसतो, घरं सेसपर्यंत येतात, फाटकं निघून जातात. घानात एप्रिल २०२४ मध्ये तेमा-म्पाकादान या नव्या मार्गावर चाचणीची गाडी रुळावर सोडून दिलेल्या ट्रकवर आदळली. पहिली गाडी धावायच्या सहा महिने आधी हद्दीचे खांब लावा, शाळा-बाजारांत सांगा, आणि जिथे लोक रोज ओलांडतात तिथे कुंपणाने अडवू नका, चांगली पायवाट आणि दिसण्याइतकी मोकळी जागा द्या. कुंपण आठवड्यात तुटतं आणि भंगारात जातं. ज्यांची दुकानं हलवायची त्यांना जागा आधी, हटवणं नंतर. नाहीतर लाईनचे पहिले शत्रू तेच होतात, आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही.

युद्धग्रस्त देशात याआधी सुरुंग काढणं येतं. अंगोलाची १३४४ किमीची बेंगेला लाईन पुन्हा बांधताना ते करावं लागलं.

रूळकरी
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. माझा क्रम इथे वाचून बदललाय.

पहिले तीन महिने पैसे जवळपास लागत नाहीत: वाघीण म्हणतात ती नोंद, मोरीमास्तरांची वही, आणि ट्रॉलीवरून काॅशनची पूर्ण यादी कारणासकट. त्याच वेळी गँगा (रूळ दुरुस्तीच्या टोळ्या) भरायच्या. सहा किमीला एक कीमन, रोज चालत रूळ तपासणारा. गँगजवळ गेज-लेव्हल, दोन जॅक, रुळाचं तापमान बघायला थर्मामीटर, लाल बावटे आणि गाडी थांबवायला रुळावर लावायचे फटाके असायलाच हवेत. मग एका कोरड्या हंगामात पाणी आणि चिखलाच्या जागा. त्यानंतर बंदरापासून पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकापर्यंतचाच तुकडा घ्यायचा, ६०० किमीवर पातळ थर द्यायचा नाही. तिथे रूळ, लूप, एक जातीचा रेक.

श्रीलंकेत युद्धात उखडलेली उत्तरेची लाईन अशीच तुकड्यांनी उघडली: सप्टेंबर २०१३ मध्ये किलिनोच्ची, मार्च २०१४ मध्ये पल्लई, ऑक्टोबरात जाफना, जानेवारी २०१५ मध्ये कांकेसंतुराई. प्रत्येक टप्प्यावर गाडी धावत होती, म्हणून लोकांचा विश्वास टिकला. घाटाचा वळसा आणि नवीवाटांची आखणी दुसऱ्या टप्प्यात, पण तिची जमीन आजच राखून ठेवायची.

मोरीमास्तर
क्रम पटला. एकच दुरुस्ती. कोरड्या हंगामात काम पुरं झालं म्हणून सही करू नका. पहिल्या जोरदार पावसात ट्रॉली काढा, प्रत्येक मोरीपाशी थांबा, पाणी कुठून येतं आणि कुठून जातं ते उभं राहून बघा, आणि मगच काॅशन उठवा.

सांधेजोड
ट्रॉलीबरोबर सरळ पट्टीही घ्या. पहिल्या वर्षाचे वेल्ड त्याच फेरीत मोजून होतील.